जुन्या गाडीत कोपर टेकायला जागा

दिल्लीत गाडी म्हातारी होण्याआधीच बाद होते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ आणि २०१५ मध्ये आदेश काढून पेट्रोल गाडीला पंधरा आणि डिझेल गाडीला दहा वर्षांची मर्यादा घातली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधली गाडी बहुधा घर ते ऑफिस, रविवारी आयएनए मार्केट आणि वर्षाकाठी एखादी आग्रा-मथुरा वारी, एवढीच फिरलेली असते. सीटचं कापड शाबूत, फोम टणक, दारांची हँडलं चकचकीत. तरी वय भरलं की तिची रवानगी आजवर कबाडीकडे होत आली. म्हणूनच जुन्या गाडीसाठी आतलं सामान शोधायला दिल्लीसारखी जागा नाही. मुंबईत कुर्ल्याच्या भंगारात चार पावसाळे खाल्लेला आर्मरेस्ट मिळेल, तर इथे तोच कोरडा खणखणीत हाती लागतो.

मात्र बाजाराची वाट धरण्याआधी आपल्याच गाडीचं आयुष्य किती उरलंय ते पाहा. २०१२ ची पेट्रोल गाडी २०२७ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण करते, त्याच सालची डिझेल २०२२ मध्येच वयाबाहेर गेली. या नियमावर कोर्टात सारखं काहीतरी चालू असतं. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावर बोट ठेवून सक्तीची कारवाई करू नका असं सांगितलं आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ प्रदूषण मानकाच्या व त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. दिल्लीत बीएस-४ एप्रिल २०१० पासून लागू झालं, त्यामुळे आरसीवरची तारीख आणि बीएसचा शिक्का दोन्ही बघून घ्या, आणि खर्च करण्याच्या आठवड्यात नियम काय आहे त्याची खात्री करा. एमएच पाटीची गाडी घेऊन बदलीवर आलेल्यांनी आपल्याला हा नियम नाही असं समजू नये, तो गाडी कुठे चालते त्यावर आहे. शिवाय दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. माझा सरळ हिशोब असा: दिल्लीत दोन वर्षंही उरली नसतील तर आर्मरेस्ट जोडून घ्यायच्या भानगडीत पडू नका, दोन सीटांमध्ये ठेवायच्या तयार कन्सोल बॉक्सवर भागवा. निवृत्तीनंतर ना-हरकत दाखला काढून गाडी पुण्या-नागपूरला न्यायची असेल, तर मात्र हे काम जरूर करा.

आर्मरेस्ट तीन तऱ्हांचे. एक सीटच्या पाठीला बाजूने जोडलेला, वर उचलता येणारा. दुसरा दोन सीटांच्या मधल्या खोक्याचं झाकण म्हणून बसवलेला. तिसरा मागच्या सीटच्या पाठीतून खाली ओढायचा. दुसऱ्याचं काम सोपं आहे: होंडा सिटी, व्हर्ना अशा गाड्यांचे कन्सोल निघतात, पण ते त्यांच्या त्यांच्या जमिनीच्या आकाराचे असतात आणि छोट्या हॅचबॅकमध्ये हँडब्रेकच्या अंगावर येतात. तेव्हा हे लिखाण मुख्यतः पहिल्या तऱ्हेबद्दल.

तो हवा कोणाला, हेही विचारून घ्या. घरातल्या आजोबांना गाडीतून उठताना आधार हवा म्हणून आर्मरेस्ट बसवत असाल तर पैसे वाया जातील. उठताना माणूस दाराच्या बाजूला वळतो आणि हा असतो उलट्या बाजूला. त्यांच्यासाठी दारावरच्या छताला पकडायची कडी लावा. ड्रायव्हरचं म्हणाल, तर रिंग रोडच्या जॅममध्ये दर मिनिटाला गिअर बदलणाऱ्याला तो नुसता आडवा येतो. त्याची खरी किंमत कळते यमुना एक्सप्रेसवेवर. ग्रेटर नोएडा ते आग्रा १६५ किलोमीटर पाचव्या गिअरमध्ये जाताना डाव्या खांद्याचा ताण उतरतो. म्हणून उचलून पाठीशी सपाट बसणारा हात हवा, अर्धवट उभा राहणारा नको.

आता वस्तू हातात घेऊन बघू. रेक्झिन सोलून काढलं की आत एक लोखंडी पट्टी किंवा नळी असते, तिच्याभोवती फोम. मुळाशी एक भोक, त्यात नायलॉनचा बुश, बुशमधून जाणारा खांदा असलेला जाड बोल्ट, आणि मध्ये लाटेसारखी वाकलेली स्प्रिंग वॉशर. ही वॉशरच हाताला तो जडसर गुळगुळीत फील देते, ती हरवली की आर्मरेस्ट खड्ड्याखड्ड्याला नाचतो. भोकाच्या शेजारी एक कमानीसारखी खाच आणि त्यात फिरणारी पिन. पिन खाचेच्या टोकाला टेकली की हात आडवा थांबतो. महाग गाड्यांत खालून फिरवायचं बटण असतं आणि कोन कमीजास्त करता येतो. जमलं तर तोच घ्या. कारण साध्या तऱ्हेत कोन देणाऱ्या गाडीच्या पाठीप्रमाणे ठरलेला असतो. तुम्ही पाठ जास्त मागे झुकवून बसत असाल तर त्याचं टोक आकाशाकडे जाणार.

या भागांतला कुठला किती झिजलाय हे दुकानातच कळतं. मूळ एका हाताने घट्ट धरा, दुसऱ्या हाताने टोक आडवं हलवा. बोटभर खेळ असेल तर बुश गेला. तो काही मोठा प्रश्न नाही, कुठलाही लेथवाला नायलॉनच्या दांड्यातून नवा काढून देतो. पण खाच रुंद झालेली किंवा पिन वाकलेली दिसली तर ठेवून द्या, लोखंड थकलं आहे. बोल्ट, वॉशर, बुश, प्लास्टिकची टोपी हे सगळं सोबत मागून घ्या. ‘बोल्ट कहीं भी मिल जाएगा’ असं दुकानदार म्हणेल. खांद्याचा तो बोल्ट कुठेही मिळत नाही. डावा-उजवाही तपासा: आपल्याकडे चालक उजवीकडे, म्हणजे त्याला सीटच्या डाव्या बाजूचा हात लागतो आणि शेजारच्याला उजव्या बाजूचा. उलटा बसवला तर थांबायची पिन उलट्या बाजूला येते.

सरोजिनी नगरहून मायापुरीच्या भंगार बाजारात जाणं आता फार सोपं झालंय. मेट्रोची पिंक लाइन सरोजिनी नगरला ऑगस्ट २०१८ मध्ये आली आणि गाडी न बदलता थेट मायापुरी स्टेशनला उतरता येतं. वाटेत दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस लागतं. आपल्या चिंतामणराव देशमुखांच्या पत्नीचं नाव असलेलं ते स्टेशन पाहून दिल्लीतल्या मराठी माणसाला उगाच बरं वाटतं. पहिली फेरी मेट्रोनेच करा, नुसती पाहणी म्हणून. फोनमध्ये आपल्या सीटचे दोन्ही बाजूंचे फोटो, खिशात मोजपट्टी आणि कागदावर चार मापं. पहिलं: सीटवर नीट बसून कोपर काटकोनात धरा आणि दबलेल्या गादीपासून कोपरापर्यंतची उंची दुसऱ्याकडून मोजून घ्या. बहुतेकांची ती १८ ते २५ सेंटीमीटरमध्ये येते. आर्मरेस्ट त्याच्या बोटभर खालीच हवा, वर आला तर खांदा उचलला जाऊन उलट दुखतो. दुसरं: दोन सीटांमधली फट. तिसरं: हँडब्रेक पूर्ण ओढल्यावर त्याची मूठ कुठवर येते. चौथं: गिअरची दांडी दुसऱ्या आणि चौथ्यात मागे ओढल्यावर कोपर कुठे जातं. या चार मापांत बसेल त्याहून लांब आर्मरेस्ट कितीही देखणा असला तरी सोडून द्या.

उचलता येणारे हात मुख्यतः मोठ्या गाड्यांमधून निघतात. इनोव्हाच्या मधल्या रांगेतल्या कॅप्टन सीटा, स्कॉर्पिओच्या पुढच्या सीटा, झायलो. हे छोट्या गाडीला जाड वाटतात, तरी लोखंड चांगलं असतं. सगळ्यात बरं म्हणजे तुमच्याच मॉडेलचा वरचा व्हेरिएंट शोधणं. कंपन्या पुष्कळदा दोन्ही व्हेरिएंटना सीटची चौकट एकच वापरतात आणि खालच्यात फक्त आर्मरेस्ट लावत नाहीत. आपल्या सीटच्या पाठीच्या आतल्या बाजूला, बसायच्या गादीपासून वीतभर वर, कापडावरून अंगठा दाबत फिरवा. आत गोल कडक उंचवटा लागला तर तिथे नट आधीच बसवलेला असण्याची शक्यता चांगली. मग अर्धं काम झालंच समजा.

माल कुठून आला हे विचारण्याची लाज बाळगू नका. मेरठचा सोतीगंज हा चोरीच्या गाड्या फोडून विकण्यासाठी देशभर बदनाम झालेला बाजार, तो २०२१ च्या अखेरीस पोलिसांनी बंद पाडला. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. ‘दुकानातून घेतला’ एवढं सांगून भागत नाही, म्हणून ज्या गाडीतून काढला तिचं मॉडेल लिहिलेली पावती घ्याच. २०२१ च्या नियमांनी आता नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रं आली आहेत, मारुती सुझुकी टोयोत्सूचं नोएडातलं केंद्र त्याच साली नोव्हेंबरमध्ये सुरू झालं. अशा ठिकाणाहून आलेला भाग सांगणारा दुकानदार भेटला तर दोन पैसे जास्त द्या. मायापुरीने तर २०१० मध्ये याहून वाईट पाहिलं आहे: विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून लिलावात निघालेल्या यंत्रातलं कोबाल्ट-६० इथल्या भंगारात आलं आणि एका कामगाराचा जीव गेला. आर्मरेस्टमधून किरणोत्सार होणार नाही हे खरं, पण मूळ न विचारण्याची सवय या बाजारात किती महाग पडली आहे ते ध्यानात ठेवा. भाव करताना नव्या कन्सोल बॉक्सची किंमत आधी काढून जा आणि जोडीला तिच्या निम्म्याच्या वर जाऊ नका.

घरी आणल्यावर पहिलं काम सोलायचं. जुन्या फोममध्ये ढेकूण असतात आणि दिल्लीतला ढेकूण क्वार्टरच्या पलंगापर्यंत पोचायला वेळ लावत नाही. रेक्झिन आणि फोम काढून काळ्या पिशवीत घट्ट बांधा, मे महिन्यातल्या गच्चीवर दोन-तीन दुपारी ठेवा. हिवाळा असेल तर फोम सरळ फेकून नवा घाला. सोफ्याचा मऊ फोम नको, सीट बनवणाऱ्याकडचा घट्ट घ्या. लोखंडावरचा गंज तारेच्या ब्रशने काढून प्रायमर मारा.

आता बसवण्याबद्दल, आणि इथे मी जरा हट्टी आहे. आर्मरेस्ट फक्त चौकटीच्या लोखंडात बसतो. फोममध्ये, प्लास्टिकच्या मागच्या पत्र्यात किंवा पातळ नळीत स्क्रू पिळून बसवलेला हात काही महिन्यांत सुटतो. साधं गणित करा. हाताची लांबी ३० सेंटीमीटर आणि थांबायची पिन बोल्टपासून ३ सेंटीमीटरवर. कोणी टोकावर ३० किलोचा भार टाकला, आणि मागे बसलेलं पोर पुढे येताना तो टाकणारच, तर पिनवर दहापट म्हणजे ३०० किलोचा जोर येतो. मिलिमीटर-दीड मिलिमीटर पत्र्यातला स्क्रू त्यापुढे टिकत नाही.

चौकटीत तयार नट असेल तर प्रश्न नाही. नसेल आणि चौकट गोल नळीची असेल, तर चार मिलिमीटर जाडीची पट्टी दोन यू-बोल्टने नळीला आवळून तिच्यावर खांद्याचा बोल्ट घ्या. नळीला भोक पाडायचं नाही. चौकट दाबलेल्या पत्र्याची असेल तर स्वतः काही करू नका, वरच्या व्हेरिएंटची अख्खी सीट शोधून जोडी बदला. वेल्डिंगला तर ठाम नकार. रस्त्यावरचा वेल्डर पाच मिनिटांत टाका मारून देतो, पण सीटची पाठ ही अपघातात माणसाला धरून ठेवणारी वस्तू आहे, पाठ मागेपुढे करणाऱ्या यंत्राजवळ तापवलेलं लोखंड पूर्वीसारखं राहत नाही, आणि फोमला आग लागते ती वेगळीच.

सीट उतरवण्याआधी बॅटरीची वजा तार काढा. सीटखाली पिवळ्या रंगाचा वायरचा जोड किंवा सीटच्या कडेला एअरबॅगचा टॅग दिसला तर तिथेच थांबा, त्या सीटच्या कापडाला हात लावायचा नाही. हे काम अधिकृत वर्कशॉपचं आहे. २०१२ च्या आसपासच्या साध्या गाड्यांत हे सहसा नसतं. चार बोल्ट, बहुतेक वेळा १४ च्या पान्याचे. जागा ठरली की कापडाला अधिकच्या चिन्हासारखी छोटी चीर द्या. गोल भोक कापलं तर ते वाढत जातं. चिरेच्या कडांना आतून जाड रेक्झिनची चकती शिवून घ्या. करोल बागेत नाईवालामध्ये सीट कव्हर शिवणारे बसलेले असतात, ते हे काम चहा संपेपर्यंत करून देतात. सोमवारी करोल बाग बंद असते आणि सरोजिनी मार्केटही, त्यामुळे सोमवारची रजा यासाठी घालवू नका.

रंग जुळवण्याचा हट्ट सोडा. दिल्लीच्या उन्हात दहा वर्षं पोळलेला बेज रंग कुठल्याही दुकानात मिळत नाही, जवळपासचा लावला तर डाग पडल्यासारखा दिसतो. सरळ काळा घ्या. त्यावर वरून घालायला सरोजिनीत ढिगाने मिळणाऱ्या एक्स्पोर्ट सरप्लस जीन्सचा एक पाय कापून पायमोज्यासारखा चढवा. जाड डेनिम घासाला टिकतं, उन्हाळ्यात रेक्झिनसारखं चिकटत नाही आणि धुवायला काढता येतं.

सीट परत बसवल्यावर गाडी जागची न हलवता तपासणी करा. पाचही गिअर आणि रिव्हर्स, आर्मरेस्ट खाली असताना. हँडब्रेक पूर्ण वर, पूर्ण खाली. सीट शेवटपर्यंत पुढे, शेवटपर्यंत मागे. आणि सर्वांत महत्त्वाचं, सीट बेल्ट. बेल्टचं कुलूप नेमकं आर्मरेस्टच्याच बाजूला असतं. आर्मरेस्ट खाली असताना न बघता, एका हाताने कुलूप लागलं पाहिजे आणि लाल बटण दाबून सुटलंही पाहिजे. आर्मरेस्टवरून बेल्टचा पट्टा गेला तर तो कमरेऐवजी आर्मरेस्टला धरणार आणि अपघातात उपयोगाचा राहणार नाही. पट्टा नेहमी आर्मरेस्टच्या खालून, कमरेला लागून. हे जमत नसेल तर सगळं काढून ठेवा, मग माल कितीही स्वस्तात मिळालेला असो.

मागच्या सीटचं थोडक्यात. मागच्या पाठीत कापून खाच करण्याच्या फंदात पडू नका. तुमच्याच मॉडेलची आर्मरेस्टवाली अख्खी पाठ मिळते ती बदला. बेल्टची कुलपं मोजून पाहा, तिन्ही जागची वर आली पाहिजेत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला, त्यांच्यासह मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावलेला नव्हता आणि ते दोघेही गेले. मागच्या आरामासाठी बेल्टची कुलपं गादीखाली दाबून टाकणारे लोक अजूनही भेटतात. बेल्ट न लावल्याचा दंड हजार रुपये आहे, पण तो मुद्दा दुय्यम.

कायद्याचं भय घेण्याचं कारण नाही. कलम ५२ मध्ये बंदी आहे ती आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल अशा फेरफारांना. सीटला आर्मरेस्ट लावल्याने आसनसंख्या बदलत नाही. मागची तिघांची बैठक काढून दोन कॅप्टन सीटा टाकल्या तर मात्र बदलते आणि आरटीओची परवानगी लागते.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सीटचे चारही बोल्ट आणि आर्मरेस्टचा खांद्याचा बोल्ट एकदा पुन्हा आवळा. मूळ सीटचं काढलेलं कव्हर, टोप्या आणि पावती एका पिशवीत घालून माळ्यावर ठेवा, गाडी विकताना गिऱ्हाईक आधी तेच मागतं.